अगस्ती बेळगावात आधी, ग्वाल्हेरात उशिरा : एकाच ताऱ्याच्या तारखा वेगळ्या का?

श्रावण-भाद्रपदाच्या पानांवर मराठी पंचांगात एक बारीकशी नोंद असते : अगस्ती दर्शन. उन्हाळ्याच्या पानावर तिची जोडीदार नोंद सापडते : अगस्ती लोप. एकादशी, संकष्टी आणि लग्नाचे मुहूर्त शोधणारी नजर या दोन शब्दांवरून सहसा सरकून पुढे जाते. ज्यांची नजर तिथे थांबते त्यांच्यातला एखादा हौशी माणूस पहाटे गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे बघतो. तारा दिसत नाही. मग दोष जातो डोळ्यांना, ढगांना नाहीतर पंचांगाला.

ढगांचा दोष बऱ्याचदा खरा असतो, पावसाळाच असतो तो. पण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरात आणखी एक कारण असू शकतं, आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. पंचांग जिथलं गणित मांडतं ते गाव वेगळं आणि आपली गच्ची वेगळी. तिथीच्या बाबतीत हा फरक काही मिनिटांत मोजला जातो. अगस्तीच्या बाबतीत तो दिवसांत, कधी कधी आठवड्यांत जातो. बेळगाव-पणजीचा अगस्ती आणि ग्वाल्हेरचा अगस्ती यांच्या उदयात साधारण तीन आठवड्यांचं अंतर पडतं. तारा तोच, सूर्यही तोच.

आधी तारा ओळखू या

अगस्ती बघायचा तर पहाटेची वाट धरायची गरज नाही. सगळ्यात सोपा काळ म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतची संध्याकाळ. मृग नक्षत्र सगळ्यांना माहीत असतं, तीन ताऱ्यांचा बाण असलेलं. त्या बाणाची रेघ खाली-डावीकडे वाढवली की लखलखणारा व्याध लागतो. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. दक्षिणेकडे तोंड करून व्याधापासून सरळ खाली क्षितिजाकडे या, किंचित उजवीकडे सरकत. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते. अशा साडेतीन मुठी खाली उतरलात की एक एकटा, पांढरा, ठळक तारा दिसेल. त्याच्या आजूबाजूला त्याच्या तोडीचं कुणीच नाही. तोच अगस्ती.

फेब्रुवारीच्या मध्याला रात्री सव्वानऊच्या सुमारास तो बेळगाव, पणजी, बडोद्यात बरोबर दक्षिणेला, आपल्या सर्वांत उंच जागी असतो. ग्वाल्हेर आणि हैदराबाद पूर्वेला असल्यामुळे तिथे पंधरा मिनिटं आधी. जानेवारीच्या शेवटी हीच वेळ तासाभराने पुढे, म्हणजे सव्वादहाच्या आसपास. मार्चच्या मध्याला संध्याकाळचा उजेड विझतो न विझतो तोच तो माथ्यावर पोचलेला असतो.

'माथ्यावर' म्हणायचं खरं, पण अगस्तीचा माथा म्हणजे फार उंच नव्हे, आणि गावागणिक तो बदलतो. पणजीहून तो जास्तीत जास्त सुमारे २२ अंश वर येतो. बेळगावात साडेएकवीस. हैदराबादेत २०. बडोद्यात १५, इंदुरात साडेचौदा. ग्वाल्हेरात जेमतेम ११. मुठींच्या भाषेत सांगायचं तर बेळगावकराला क्षितिजापासून दोन मुठी वर बघायचंय, इंदूरकराला दीड आणि ग्वाल्हेरकराला एक. तंजावरच्या मराठी घरांतून मात्र तो साडेसव्वीस अंशांवर चढतो. तिथे त्याला शोधावं लागत नाही, तो आपणच नजरेत भरतो.

याचा हिशोब अगदी साधा आहे. अगस्ती खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ५२.७ अंश दक्षिणेला आहे. ९० मधून ही संख्या वजा केली की उरतात ३७.३. त्यातून आपल्या गावाचा अक्षांश वजा करा, उत्तर म्हणजे अगस्तीची कमाल उंची. बेळगावचा अक्षांश पावणेसोळाच्या थोडा पुढे, ग्वाल्हेरचा सव्वीसच्या किंचित वर. दिल्लीत पावणेनऊ अंशांच्या आतच काम संपतं, श्रीनगरात तीन अंश. ३७ अंशांच्या उत्तरेला गेलं की अगस्ती दिसणं जवळपास संपलंच. म्हणूनच युरोपातल्या बहुतेक लोकांनी आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा आपल्या घरातून कधी बघितलेलाच नसतो.

उंची कमी असली की आणखी एक नुकसान होतं. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा उजेड हवेच्या जाड थरातून तिरका येतो. डोक्यावरच्या ताऱ्याला जेवढी हवा ओलांडावी लागते, त्याच्या पावणेतीनपट हवा बेळगावच्या अगस्तीला लागते. ग्वाल्हेरच्या अगस्तीला पाचपट. त्यात उत्तरेकडचं हिवाळी धुकं, धूळ आणि शहराचा उजेड. एरवी व्याध अगस्तीच्या साधारण दुप्पट तेजस्वी दिसायला हवा, पण ग्वाल्हेरात हा फरक त्याहून मोठा वाटतो. हवेच्या हालचालीने खालचा तारा लुकलुकतो तेव्हा लाल, हिरवा, निळा असे रंगही क्षणभर चमकून जातात. त्याला ड्रोन समजणारे लोक आहेत. त्यांची चेष्टा करू नये, खरंच तसं दिसतं.

लोप म्हणजे नेमकं काय होतं

आता तारखांकडे. बहुतेक तारे वर्षातले काही दिवस सूर्याच्या झगमगाटात हरवतात, हे शाळेत शिकवतात. मृग, रोहिणी, चित्रा यांच्या जवळून सूर्य खरोखर जातो, म्हणून ते लपतात. अगस्तीची गोष्ट निराळी. तो सूर्याच्या वाटेपासून ७५ अंशांहून अधिक दक्षिणेला आहे. सूर्य त्याच्या जवळपासही फिरकत नाही. तरीही तो महिनोन्‌महिने दिसत नाही, कारण तो उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो. बेळगावच्या क्षितिजावर तो चोवीस तासांतले नऊ तास असतो. इंदुरात साडेसात, ग्वाल्हेरात साडेसहाच्या थोडा वर. जून महिन्यात हे सगळे तास दिवसाउजेडी पडतात. तारा आकाशात असतो, फक्त उन्हात असतो.

ज्या गावात तो कमी तास वर असतो, तिथे त्याचे सगळे तास उजेडात बुडण्याची पाळी जास्त दिवस टिकते. सगळा फरक इथून येतो. साध्या डोळ्यांनी पहिल्यांदा दिसण्यासाठी सूर्य क्षितिजाखाली आठ-दहा अंश आणि तारा क्षितिजावर तीन-चार अंश असावा, असं धरून हिशोब केला, तर पणजी-बेळगावात अगस्तीचं पहाटेचं पहिलं दर्शन ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतं. हैदराबादेत त्यानंतर चार-पाच दिवसांनी. इंदूर-बडोद्यात ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात. ग्वाल्हेरात सप्टेंबर उजाडतो. संध्याकाळच्या बाजूला क्रम उलटा होतो : ग्वाल्हेरात लोप आधी, एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, इंदुरात एप्रिल संपता संपता, बेळगावात मेच्या मध्याला. म्हणजे बेळगावकराचा अगस्ती तीन महिन्यांपेक्षा कमी काळ गायब, ग्वाल्हेरकराचा चार महिन्यांहून जास्त. तंजावरात तर जेमतेम दोन महिने.

कुणी कसोटी थोडी कडक धरली, कुणी सैल, तर या तारखा चार-सहा दिवस मागेपुढे होतील. पंचांगकर्त्यांचे नियमही वेगवेगळे असतात. पण कसोटी कुठलीही घेतली तरी बेळगाव आणि ग्वाल्हेर यांच्यातलं अंतर कायम राहतं, कारण ते नियमामुळे पडत नाही, पृथ्वीच्या गोलाईमुळे पडतं.

हे आजच्या काळाचं शहाणपण आहे असं कुणाला वाटेल. नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत अगस्तीच्या संचारावर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात तो स्पष्ट सांगतो की जाणकाराने गणित करून प्रत्येक प्रदेशासाठी अगस्तीचं दर्शन वेगळं सांगावं. मग उदाहरण म्हणून तो उज्जयिनीचं देतो : सूर्य कन्या राशीत शिरायला ७ अंश उरलेले असताना तिथे अगस्ती दिसतो. आपलं उज्जैनचं गणित त्याने सगळ्या देशावर लादलं नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. उज्जैन इंदूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. तेव्हा इंदूरच्या मराठी वाचकाला हा आकडा जवळजवळ घरचाच. छापील पंचांगाच्या सोयीत 'प्रत्येक प्रदेशासाठी वेगळं' ही अट हळूहळू नजरेआड झाली. अगस्तीला अर्घ्य देण्याचा विधी ज्या घरांत अजून होतो, त्यांच्यासाठी तरी ती पुन्हा वाचायला हवी.

याच अध्यायात आणि कालिदासाच्या रघुवंशातही एक समजूत येते : अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळतं. ऋषीने समुद्र प्यायला होता, तेव्हा पाण्यावर त्याची सत्ता असणारच, असा कथेतला तर्क. वस्तुस्थिती एवढीच की माळव्यात आणि उत्तरेच्या मैदानात ताऱ्याचं दर्शन आणि पावसाचं ओसरणं पाठोपाठ येतं. तारा पाण्याला काही करत नाही, तो फक्त महिना सांगतो. गंमत अशी की आपल्याकडे ही खूण नीट लागूच पडत नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, अगस्ती बेळगावच्या क्षितिजावर येतो तेव्हा खानापूरच्या जंगलात पाऊस कोसळत असतो आणि कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा तांबडी लाल वाहत असते. पाणी निवळेपर्यंत अगस्ती पहाटेच्या आकाशात चांगला वर आलेला असतो. खूण ज्या अक्षांशावर जन्मली, तिथेच ती खरी.

नाव कुणाचं, कुठून

अगस्त्य ऋषीची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. विंध्य पर्वत वाढत चालला, सूर्याची वाट अडू लागली. अगस्त्य दक्षिणेला निघाले तेव्हा विंध्य नमस्काराला वाकला, 'मी परत येईपर्यंत असाच राहा' म्हणून ते गेले, ते परतलेच नाहीत. इंदूर विंध्याच्या उत्तरेला, माळव्याच्या पठारावर आहे. महूच्या पुढे, अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेल्या जाम दरवाज्यापाशी पठार एकदम तुटतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. तिथून फेब्रुवारीच्या रात्री दक्षिणेकडे पाहिलं तर वाकलेला विंध्य पायाशी आणि अगस्ती समोर, अशी कथेतली मांडणी जशीच्या तशी सापडते.

दक्षिणेतही ऋषीच्या खुणा आहेत. बेळगावच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं बदामी म्हणजे जुनं वातापी. अगस्त्यांनी पोटात जिरवलेल्या वातापी राक्षसाचं नाव त्या गावाला, आणि लेण्यांच्या पायथ्याचा तलाव अगस्त्यतीर्थ म्हणून ओळखला जातो.

कथेमागे आकाश असेल का, हा प्रश्न हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ कृ. दा. अभ्यंकर यांनी गांभीर्याने घेतला होता. अगस्त्य ऋषी आणि अगस्त्य तारा यांच्यावर त्यांचा लेख २००५ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. मूळ मुद्दा असा : पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. त्यामुळे ताऱ्यांची जागा अत्यंत हळू सरकते. सुमारे ६ हजार वर्षांपूर्वी इंदूरच्या अक्षांशावरून अगस्ती आजच्यासारखा साडेचौदा अंश नव्हे, नऊएक अंशच वर येत होता. त्याच्याही पाच-सहा हजार वर्षं आधी तो मध्य भारतातून दिसतच नव्हता. म्हणजे तारा दक्षिणेकडून वर आला आणि एके काळी विंध्याच्या रेषेपाशी पहिल्यांदा दिसू लागला, इतकं गणित पक्कं आहे. त्या दर्शनाची आठवण कथेत उरली, हे मात्र अनुमान. कथेचं वय गणिताने ठरवायचा मोह मोठा असतो, आणि त्याला आवर घातलेला बरा.

सध्या अगस्ती त्याच्या उत्तरेकडच्या टोकाच्या जवळपास आहे. आता तो हळूहळू खाली जाणार. बारा-तेरा हजार वर्षांनी तो दक्षिण ध्रुवापासून दहा अंशांच्या आत असेल. तेव्हा बेळगावातूनही दिसणार नाही.

इतर भाषांतली नावंही दक्षिणेचीच आठवण ठेवून आहेत. ग्रीकांनी त्याला कॅनोपस म्हटलं. ट्रॉयच्या युद्धाहून परतणाऱ्या मेनेलाउस राजाच्या गलबताच्या सुकाणूवाल्याचं हे नाव. तो इजिप्तच्या किनाऱ्यावर मेला आणि तिथल्या बंदराला त्याचं नाव पडलं, अशी कथा. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ताऱ्यांच्या नावांची अधिकृत यादी करायला घेतली तेव्हा २०१६ मध्ये कॅनोपस हेच नाव कायम केलं. शास्त्रीय नाव आल्फा कॅरिनी. जुन्या आर्गो नावाच्या भल्यामोठ्या नौकेच्या तारकासमूहाचे अठराव्या शतकात लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने तुकडे केले, त्यातला नौकेचा तळ म्हणजे कॅरिना.

अरबांचा तो सुहेल. आखाती देशांत ऑगस्टच्या उत्तरार्धात सुहेल उगवला की कडक उन्हाळा ओसरू लागला असं मानतात, आणि दरवर्षी तिथल्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी येते. तिकडे नोकरीला गेलेल्या गोव्याच्या माणसांनी ती वाचलेली असते. अरबी खलाशांच्या ताऱ्यांवर बेतलेल्या दिशाचक्रात दक्षिणेजवळच्या एका दिशेचं नावच सुहेल. बेळगावात, हैदराबादेत एकाच गल्लीत एक सुहेल आणि एक अगस्त्य राहत असेल, तर दोघांची नावं एकाच ताऱ्याची आहेत, हे त्यांना सांगायला हरकत नाही.

एक गैरसमज मात्र इंदूर-ग्वाल्हेरकडे हमखास ऐकू येतो. हिंदीत ऑगस्टला 'अगस्त' म्हणतात, तारा त्याच महिन्यात उगवतो, तेव्हा महिन्याचं नाव ऋषीवरून पडलं असणार! तसं नाही. महिना रोमच्या ऑगस्टस सम्राटाचा. जुळलं ते योगायोगाने.

दिसतो तेवढा लहान नाही

व्याध अगस्तीपेक्षा तेजस्वी दिसतो, हा निव्वळ जवळ असण्याचा फायदा. व्याधाचं अंतर ८.६ प्रकाशवर्षं. अगस्तीचं सुमारे ३१०. खगोलशास्त्रज्ञांच्या प्रतींच्या मापात आकडा जितका कमी तितका तारा तेजस्वी. व्याधाची प्रत उणे १.४६, अगस्तीची उणे ०.७४. आता अगस्तीला उचलून व्याधाच्या जागी ठेवलं अशी कल्पना करा. अंतर छत्तीसपट कमी झालं की उजेड त्याच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे सुमारे तेराशेपट वाढतो. शुक्र अगदी ऐन तेजात असतो त्याच्या तीसपट झगमगाट एका बिंदूतून आला असता. रात्री त्याच्या उजेडात सावल्या पडल्या असत्या.

हे अंतर कळायला मात्र फार वेळ लागला. जमिनीवरच्या दुर्बिणींतून केलेले अंदाज शंभर प्रकाशवर्षांपासून हजारापलीकडे जात होते. हजाराच्या वरचा आकडा खरा असता तर अगस्ती आकाशगंगेतल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांत मोडला असता. १९८९ मध्ये युरोपने सोडलेल्या हिप्पार्कस उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा अवकाशातून मोजल्या, १९९७ मध्ये त्याची सूची आली आणि वाद मिटला. ३१० मध्ये पंधरा-सोळा वर्षांची चूक अजूनही धरायची. तेवढी सूट घेऊन म्हणता येईल की आज आपल्या डोळ्यांत शिरणारा अगस्तीचा उजेड तिथून निघाला तेव्हा साताऱ्यात शाहू छत्रपतींची गादी होती आणि बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळून फार दिवस झाले नव्हते. शिंदे, होळकर, गायकवाड यांची ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याची राज्यं उभी राहायची होती.

अंतर कळलं की बाकीचं हिशोबाने येतं. अगस्ती सूर्याच्या सुमारे १० हजार पट ऊर्जा बाहेर टाकतो. त्याचा व्यास सूर्याच्या ७० पटींहून थोडा जास्त, म्हणजे १० कोटी किलोमीटर. सूर्याच्या जागी ठेवला तर त्याचा पृष्ठभाग बुधाच्या कक्षेजवळ पोचेल. वस्तुमान मात्र सूर्याच्या आठ-दहा पटच. एवढ्याशा मालात एवढा फुगलेला, म्हणजे तो सरासरीने अतिशय विरळ आहे. पृष्ठभागाचं तापमान सुमारे ७,४०० केल्विन, सूर्यापेक्षा दीड-दोन हजार अंश जास्त. म्हणून रंग पांढरा, त्यात किंचित पिवळसर झाक. क्षितिजाजवळ तो तांबूस दिसतो तो आपल्या हवेमुळे.

वजनदार तारे आपलं इंधन उधळेपणाने जाळतात. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं आणि अजून त्याची मध्यान्ह चालू आहे. अगस्तीचं वय काही कोटींत मोजायचं, आणि गाभ्यातला हायड्रोजन संपवून तो फुगलेल्या अवस्थेत आलाही. शेवटी काय होणार, याबद्दल ठाम उत्तर नाही, कारण तो बरोबर सीमेवर आहे. आठ सूर्यांच्या आसपासचा तारा शांतपणे आक्रसून श्वेत बटू होतो. त्याहून जड असेल तर स्फोट होऊन अतिनवतारा. आठ की दहा, याच्यावर सगळं अवलंबून.

अंतराळयानांनाही हा तारा उपयोगी पडला. मंगळाकडे जाणाऱ्या यानाला सूर्य एका दिशेला सापडतो, पण स्वतःभोवती गिरकी न घेता स्थिर राहायला दुसरी खूण लागते, आणि ती सूर्याच्या वाटेपासून जितकी लांब तितकी सोयीची. ठळक आणि सूर्यमार्गापासून दूर, या दोन्ही अटी अगस्ती पुऱ्या करतो. १९६४ मध्ये निघालेल्या मरिनर ४ ने त्याच्यावर नजर ठेवून प्रवास केला. वाटेत यानाचेच सुटलेले धूलिकण उन्हात चमकायचे आणि यान त्यांनाच अगस्ती समजून भलतीकडे वळायचं. तरी जुलै १९६५ मध्ये ते मंगळाजवळून गेलं आणि त्या ग्रहाची पहिली जवळची छायाचित्रं पाठवली.

दोन गावं, एक कोनमापक

अगस्ती गावागणिक वेगळ्या उंचीवर दिसतो, याचा उपयोग दोन हजार वर्षांपूर्वी पोसिडोनियस या ग्रीक विद्वानाने केला होता. ऱ्होड्‌स बेटावर अगस्ती क्षितिजाला टेकतो न टेकतो, अलेक्झांड्रियात साडेसात अंश वर येतो, असं त्याने धरलं, दोन गावांतलं अंतर घेतलं आणि पृथ्वीचा परीघ काढला. त्याचा साडेसातचा आकडा चुकीचा होता, खरा फरक सव्वापाच अंशांच्या आसपास. क्षितिजावरचा तारा हवेतून वाकून दिसतो, त्यामुळे ऱ्होड्‌सचं मोजमाप बिघडणं साहजिकच होतं. युक्ती मात्र अचूक होती.

ही युक्ती मराठी घरांना फोनवर करता येईल, कारण नातेवाईक अशाच पसरलेल्या गावांत असतात. बेळगावात मामा, ग्वाल्हेरात आत्या. दोघांकडे शाळेचा कोनमापक, त्याच्या मध्यबिंदूला बांधलेला दोरा आणि दोऱ्याला खिळा किंवा नट. कोनमापकाच्या सरळ कडेला चिकटवलेल्या नळीतून तारा बघायचा. लोंबता दोरा कुठल्या आकड्यावर थांबतो ते वाचायचं आणि तो ९०पासून किती दूर आहे ते काढायचं. तीच ताऱ्याची उंची. फेब्रुवारीच्या मध्याला, तारा बरोबर दक्षिणेला असताना बेळगावात साडेएकवीसच्या आसपास आकडा यावा, ग्वाल्हेरात अकराच्या. फरक १०.४ अंश. नकाशावर दोन्ही गावांतलं फक्त उत्तर-दक्षिण अंतर घ्यायचं, रस्त्याचं नव्हे; ते साधारण १,१५० किलोमीटर भरतं. ३६० भागिले १०.४, गुणिले १,१५०. उत्तर ३९,८०० किलोमीटरच्या जवळ येतं. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा परीघ सुमारे ४० हजार आहे.

हाताने धरलेल्या कोनमापकात एक-दीड अंशाची चूक सहज होते आणि तेवढ्याने परीघ चार-सहा हजार किलोमीटरने हलतो, तेव्हा तीन-चार रात्री मोजून सरासरी घ्यावी. ग्वाल्हेरच्या बाजूला दक्षिणेकडे उंच इमारत नसलेली गच्ची आधी हेरून ठेवावी लागेल, कारण एका मुठीएवढ्या उंचीवरचा तारा शेजारच्या पाण्याच्या टाकीमागेही लपतो. बेळगावकरांना शहराच्या दिव्यांपासून सुटायचं असेल तर दक्षिणेला येळ्ळूरचा राजहंसगड आहे.